संस्था आपली, सहीही आपली : पुण्यात दिव्यांगांनी चालवलेली संस्था उभी करण्यासाठी

पुण्यात दिव्यांगांसाठी काम करणाऱ्या संस्थांची वानवा नाही. शाळा आहेत, वसतिगृहं आहेत, कृत्रिम पाय बसवून देणारी शिबिरं होतात. अनेक संस्थांमध्ये माणसांनी हयात घालवून काम केलं आहे आणि त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण त्यांपैकी कितीतरी ठिकाणी कार्यकारिणीची यादी वाचली, तर अध्यक्ष, सचिव, खजिनदार या तिन्ही नावांत एकही दिव्यांग माणूस सापडत नाही. आपण ‘लाभार्थी’ या रकान्यात असतो. आपल्याला काय हवंय ते दुसरं कुणीतरी ठरवतं, आणि बहुतेकदा प्रेमानेच ठरवतं.

ज्यांना ही यादी बदलायची आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. तुम्ही स्वतः दिव्यांग असाल, चारदोन मित्रमैत्रिणी मिळून काहीतरी सुरू करावं असं मनात असेल आणि कुठून सुरुवात करायची ते कळत नसेल, तर क्रमाने वाचत जा. मी व्हीलचेअर वापरते आणि अशा कामात बरीच वर्षं आहे. त्यामुळे कागदपत्रांइतकंच माणसांबद्दलही लिहिणार आहे.

आधी कल्पना नीट समजून घ्या

स्वतंत्र जगणं म्हणजे सगळं स्वतःच्या हातांनी करणं, असा समज आपल्या घरांतही पक्का बसलेला आहे. ज्याला शर्टाची बटणं लावायला अर्धा तास लागतो, त्याने तो अर्धा तास झटावं आणि मग त्याला शाबासकी द्यावी, असा तो विचार. स्वतंत्र जगण्याची चळवळ वेगळं सांगते. बटणं सहायकाने दोन मिनिटांत लावून द्यावीत. कुठला शर्ट घालायचा, कधी बाहेर पडायचं, कुणाला भेटायचं आणि त्या वाचलेल्या वेळात काय करायचं हे मात्र त्या माणसाने स्वतः ठरवावं.

या चळवळीचं सगळ्यांत ओळखीचं नाव एड रॉबर्ट्स. पोलिओमुळे मानेखालचं शरीर जवळजवळ निकामी झालेला हा माणूस १९६२ साली अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठात शिकायला गेला आणि श्वासाच्या यंत्रासाठी त्याला तिथल्या दवाखान्यातच राहावं लागलं. पाठोपाठ त्याच्यासारखे आणखी विद्यार्थी आले. त्यातूनच पुढे १९७२ साली बर्कलेत ‘सेंटर फॉर इंडिपेंडंट लिव्हिंग’ सुरू झालं. चालवणारे दिव्यांग, सेवा घेणारेही दिव्यांग. १९७८ मध्ये अमेरिकी कायद्याने अशा केंद्रांना सरकारी पैसा देण्याची सोय केली. पुढे नियमच झाला की केंद्राच्या नियामक मंडळात बहुमत दिव्यांगांचं हवं. स्वीडनमध्ये स्टॉकहोमला १९८४ साली आणि जपानमध्ये हाचिओजीला १९८६ साली त्याच धर्तीवर संस्था उभ्या राहिल्या.

आपल्याकडे हे नवीन आहे असं कुणी म्हणालं तर मान्य करू नका. नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड ही दृष्टिहीनांनीच चालवलेली संघटना १९७० पासून आहे. नसीमा हुरजूक यांनी स्वतः व्हीलचेअरवर बसून १९८४ साली कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हॅन्डिकॅप्ड’ उभी केली. जावेद अबिदी व्हीलचेअरवरून दिल्लीत रस्त्यावर उतरले, दिव्यांगांसाठीच्या १९९५ च्या कायद्यासाठी झगडले, आणि पुढे विमानप्रवासातल्या सवलतीसाठी सर्वोच्च न्यायालयातही गेले.

कायद्याचा आधारही पक्का आहे. भारताने २००७ मध्ये मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क करारात १९ वं कलम समाजात राहून स्वतंत्र जगण्याचं आहे आणि २९ वं कलम स्वतःच्या संघटना काढण्याचं. त्याला धरून आपला दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ आला. त्याच्या ५ व्या कलमात समाजात राहण्याचा हक्क लिहिलेला आहे. हे आकडे पाठ ठेवा. सरकारी टेबलासमोर कलमाचा नंबर सांगितला की समोरच्याचा सूर बदलतो, हा माझा अनुभव आहे.

१. माणसं जमवा, वेगवेगळी जमवा

महाराष्ट्रात संस्था नोंदवायला किमान ७ सभासद लागतात. पण सात नावं जमली की काम झालं, असं नाही. सातही जण पोलिओवाले पुरुष असतील, तर संस्थेला बहिऱ्या मुलीचा प्रश्न कधीच दिसणार नाही. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगता आहे. त्यात दृष्टी, श्रवण आणि हालचालींबरोबर मानसिक आजार, बौद्धिक दिव्यांगता, ऑटिझम, हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकलसेल, पार्किन्सन, ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या व्यक्ती असे सगळे येतात. पहिल्या दहा-बारा जणांत निदान चार प्रकार असावेत आणि निम्म्या बायका असाव्यात, असा माझा आग्रह असतो. बायका आपणहून पुढे येत नाहीत अशी तक्रार ऐकू येते. त्यांना घराबाहेर पडायला रिक्षाचे पैसे आणि सोबत लागते; ती सोय केली की येतात.

माणसं कुठे भेटतील? ससूनमध्ये किंवा औंधच्या जिल्हा रुग्णालयात दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी रांगेत बसलेली असतात. पीएमपीच्या मोफत पासाच्या खिडकीशी असतात. फिजिओथेरपीच्या बाकावर आणि अंध विद्यार्थ्यांच्या वाचक-लेखनिकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही असतात. दोन-चार ठिकाणी जाऊन बसा आणि बोला.

युडीआयडी कार्ड (दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्र) आहे का, दिव्यांगत्वाचे टक्के किती, हे पहिल्याच भेटीत विचारू नका. कायद्यातली दिव्यांग व्यक्तीची व्याख्या टक्क्यांवर बेतलेली नाही. ४० टक्क्यांची अट आरक्षणासारख्या ठरावीक लाभांसाठी आहे. तुमच्या संस्थेचं सभासदत्व हा सरकारी लाभ नाही. ज्याचं प्रमाणपत्र वर्षभर अडकलंय त्यालाच तुमची जास्त गरज असते.

२. नोंदणीआधी काही महिने नुसतं भेटा

इथे घाई करणारे खूप असतात. लेटरहेड छापायचं, शिक्का करायचा, उद्घाटनाला नगरसेवक बोलवायचा. थांबा. ज्या गोष्टीवर पुढचं सगळं उभं राहतं ती याच काळात घडते, आणि ती म्हणजे एकमेकांशी बोलणं. तिला पिअर काउन्सेलिंग म्हणतात. दिव्यांग माणसाने दिव्यांग माणसाशी, तज्ज्ञ मध्ये न घेता, ठरवून दिलेल्या वेळात बोलायचं. वेळ दोघांना सारखा मिळतो. एक बोलतो, दुसरा ऐकतो, मग उलट. सल्ला मागितल्याशिवाय द्यायचा नाही. ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही.

नुकताच मणक्याला मार लागून घरी आलेला पंचविशीतला मुलगा लघवीच्या पिशवीबद्दल डॉक्टरांना एक प्रश्न विचारतो आणि दहा वर्षं पिशवी वापरणाऱ्याला वीस विचारतो. सिनेमाला गेलो तर कुठे रिकामी करायची, वास येतो का, लग्न होईल का. ही उत्तरं कुठल्याच पुस्तिकेत नाहीत, आणि ती देणाऱ्या माणसाला त्या दिवशी पहिल्यांदा कळतं की आपल्याजवळ दुसऱ्याला देण्यासारखं काही आहे. संस्थेचे पुढारी इथून तयार होतात. भाषणं करणाऱ्यांतून ते तयार होतीलच असं नाही.

जगभरातली अशी केंद्रं मुळात चार कामं करत आली आहेत : माहिती देणं, पिअर काउन्सेलिंग, रोजच्या जगण्याची कौशल्यं शिकवणं आणि हक्कांसाठी पाठपुरावा. पुढे पाचवं आलं, ते म्हणजे वसतिगृहातून किंवा आश्रमातून बाहेर पडून स्वतःच्या घरात राहायला मदत. सुरुवातीला एक-दोनच उचला.

३. बैठक सगळ्यांना घेता आली पाहिजे

बैठकीची जागा बघायला आधी एकाने स्वतः जाऊन यावं. फोनवर ‘हो हो, रॅम्प आहे’ असं सगळेच सांगतात. रॅम्पचा उतार १:१२ हवा, म्हणजे एक फूट उंचीला बारा फूट लांबी. दार मोकळं ९० सेंटिमीटर. संडासाचं दार आतून लागतं का आणि खुर्ची आत वळते का, हे प्रत्यक्ष वळवून बघायचं. पेठांमधल्या जुन्या वाड्यांतले हॉल स्वस्त पडतात, पण तीन पायऱ्या चढवायला चार जण लागले तर ती जागा आपली नाही. उचलून नेणं हा उपाय धरू नका. ज्याला उचललं जातं, तो पुढच्या वेळी यायचं टाळतो.

येण्याजाण्याचाही विचार करा. मेट्रोच्या स्थानकांत लिफ्ट आहेत, त्यामुळे वनाज, पिंपरी, रामवाडी, स्वारगेट या बाजूंचे लोक स्थानकाजवळ ठेवलेल्या बैठकीला येऊ शकतात. अडचण स्थानकाबाहेर पडल्यावर सुरू होते. दुचाकी वर चढू नयेत म्हणून फूटपाथच्या तोंडाशी जे खांब रोवतात, त्यांच्यातलं अंतर पुष्कळदा खुर्चीला पुरत नाही. घडीची खुर्ची रिक्षात पायांशी आडवी बसते; मोटारवर चालणारी खुर्ची बसत नाही. म्हणून येण्याजाण्याचा खर्च संस्थेने द्यायचा, हे पहिल्या दिवसापासून ठरवा. पैसे नसतील तर बैठका कमी घ्या, पण हा खर्च कापू नका.

विषयपत्रिका युनिकोड मराठीत टाइप करून पाठवा. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर किंवा कागदाचा फोटो स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, वाचता येत नाही. अंध सभासदाला तो कोरा कागदच असतो. संगणकावर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो आणि मराठी वाचतो, मोबाइलवर टॉकबॅक असतो, पण मजकूर मजकुराच्याच रूपात हवा. सांकेतिक भाषेचे दुभाषे एका लांब बैठकीला दोन लागतात. वीस-तीस मिनिटांनी हात आणि डोकं दोन्ही थकतं. बोलणाऱ्याने आधी नाव सांगायचं, मग बोलायचं. बौद्धिक दिव्यांगता असलेल्या सभासदांसाठी आदल्या दिवशी अर्धा तास वेगळा काढा, विषय सोप्या वाक्यांत आणि चित्रांतून समजावा आणि त्यांचा प्रश्न आधी तयार करून घ्या. बैठकीत मग ते स्वतःच्या तोंडाने बोलतात.

४. नियमावली : इथे वेळ घालवा

संस्थेचं खरं स्वरूप विधान (संस्थेची उद्दिष्टं सांगणारा कागद) आणि नियमावलीत ठरतं. झेरॉक्सच्या दुकानात तयार नमुना मिळतो, नाव बदलून तो देण्याचा मोह होतो. त्या नमुन्यात दिव्यांगांच्या नेतृत्वाबद्दल एक ओळही नसते. पाच वर्षांनी एखादे चांगले, पैसेवाले, सुशिक्षित, दिव्यांग नसलेले गृहस्थ अध्यक्ष होतात, आणि त्यांना थांबवणारा नियमच नसतो. त्यात त्यांचाही दोष नसतो. दार आपणच उघडं ठेवलेलं असतं.

आमच्या अनुभवातून काही कलमं सुचवते. मतदानाचा हक्क असलेल्या सभासदांत किमान दोन तृतीयांश दिव्यांग असतील. कार्यकारिणीत दिव्यांगांचं बहुमत असेल, आणि अध्यक्ष, सचिव, खजिनदार ही तिन्ही पदं दिव्यांग सभासदांकडेच राहतील. गणपूर्ती मोजताना हजर असलेल्यांत दिव्यांगांचं बहुमत नसेल तर सभा तहकूब होईल. हे शेवटचं कलम बरेच जण विसरतात. कागदावर बहुमत असतं, पण पावसाळ्यात प्रत्यक्ष सभेला चालता येणारेच पोचतात आणि मोठे निर्णय त्याच दिवशी होतात. त्याला जोडूनच व्हिडिओ कॉलवरून हजर राहण्याची आणि मत देण्याची तरतूद लिहून घ्या.

पदाचा काळ तीन वर्षं, सलग दोनदाच. ही कलमं बदलायची असतील तर दिव्यांग सभासदांच्या तीन चतुर्थांश मतांची अट. अंदाजपत्रकात सुलभतेच्या खर्चाचं वेगळं शीर्ष. आणि उद्दिष्टांत ‘दिव्यांगांचं पुनर्वसन, कल्याण’ एवढंच लिहून थांबू नका; स्वतंत्र जगणं, वैयक्तिक सहायक सेवा, पिअर काउन्सेलिंग, हक्कांसाठी पाठपुरावा हे शब्द त्यात असायला हवेत. पुढे अनुदान मागताना उद्दिष्टात नसलेल्या कामासाठी पैसा मिळत नाही.

पालकांचं काय? हा नाजूक प्रश्न आहे. आईवडिलांनी जे केलेलं असतं त्याची मोजदाद होत नाही. तरीही मुलाचं मत आणि आईचं मत एक नसतं. तिशीतल्या मुलाला एकट्याने भाड्याच्या खोलीत राहायचं असतं आणि आईला रात्रभर झोप लागत नाही. संस्था मुलाची असेल तर निर्णय मुलाच्या बाजूने व्हायला हवा. पालकांना सहयोगी सभासद करा, त्यांना बोलू द्या, त्यांचा वेगळा गट चालवा. कार्यकारिणीतलं मत दिव्यांग सभासदाचंच ठेवा. ज्याला बोलून सांगता येत नाही, त्याने स्वतः निवडलेली आधार देणारी व्यक्ती सोबत बसेल, हेही नियमात लिहा. कायदेशीर क्षमता सगळ्यांना समान आहे, असं २०१६ च्या कायद्याचं १३ वं कलम सांगतं.

५. नोंदणी

आपल्या राज्यात बहुतेक संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली अशा दुहेरी नोंदल्या जातात. दोन्ही कामं धर्मादाय आयुक्तांच्या पुणे कार्यालयातूनच होतात. नावाला मंजुरी, विधान व नियमावली, सभासदांचे ठराव आणि संमतीपत्रं, ओळखीचे पुरावे, कार्यालयाच्या जागेचं वीजबिल आणि मालकाचं ना-हरकत पत्र, प्रतिज्ञापत्र असा संच लागतो. वकील किंवा सीए घ्या. पण कागद तयार झाले की ते स्वतः वाचून घ्या, वाचता येत नसतील तर स्क्रीन रीडरवर ऐका. दुसऱ्याने परस्पर बदललेलं कलम इथेच सापडतं.

याशिवाय २०१६ च्या कायद्याप्रमाणे दिव्यांगांसाठी काम करणाऱ्या संस्थेला वेगळं नोंदणी प्रमाणपत्र लागतं, कलम ५० आणि ५१. त्यातली ‘संस्था’ ही व्याख्या इतकी रुंद आहे की आपलं कामही त्यात येतं. सुदैवाने राज्याचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यातच, चर्च पथावर आहे. नागपूर-नांदेडच्या मंडळींना प्रवास करून यावं लागतं, तुम्हाला रिक्षाने जाता येतं. याचा फायदा घ्या.

६. बँक

खातं उघडताना तुमची खरी परीक्षा सुरू होते. एका शाखेत अधिकारी प्रत्येक प्रश्न माझ्या शेजारी बसलेल्या स्वयंसेवकाला विचारत होते : ‘मॅडम सही करू शकतात का?’ मी अध्यक्ष म्हणून ठराव घेऊन समोर बसले होते. स्वयंसेवकाने एकच गोष्ट केली, तो उठून बाहेर जाऊन बसला. मग अधिकाऱ्यांना माझ्याशी बोलावंच लागलं. तुमच्या सोबतच्या माणसाला हे आधी शिकवून ठेवा.

खजिनदार दृष्टिहीन असेल तर ‘चेकबुक देता येणार नाही’ असं ऐकायची तयारी ठेवा आणि रिझर्व्ह बँकेच्या जून २००८ च्या परिपत्रकाची प्रत सोबत न्या. दृष्टिहीन ग्राहकांना चेकबुक, एटीएम, नेट बँकिंग, लॉकर नाकारू नयेत, असं ते स्पष्ट सांगतं. केवायसीसाठी डोळे मिचकवायला लावणारं ॲप अडवत असेल, तर सर्वोच्च न्यायालयाचा ३० एप्रिल २०२५ चा निकाल दाखवा. दिव्यांगांना वापरता येईल अशी केवायसी हवी, असे निर्देश त्यात आहेत.

७. पहिली मोठी सेवा : सहायक

स्वतंत्र जगण्याची कुठलीही संस्था शेवटी इथे येऊन ठेपते. सकाळी अंथरुणातून उठवायला कोण येणार? आज पुण्यात उत्तर म्हणजे ‘ब्युरोची मावशी’ किंवा ‘ब्युरोचा माणूस’, म्हणजे घरी पेशंट सांभाळायला माणसं पुरवणाऱ्या एजन्सीकडून आलेली व्यक्ती. बारा किंवा चोवीस तासांची पाळी, पैसे घरच्यांनी द्यायचे, सूचना घरच्यांनी द्यायच्या. ब्युरोची माणसं कष्टाळू असतात, पण त्यांना पेशंट सांभाळायला पाठवलेलं असतं. त्यामुळे ‘ताईंना आज बाहेर जायचं म्हणतायत, नेऊ का?’ असा फोन आईला जातो.

तुमच्या सेवेत हे उलटं करायचं. सहायकाची मुलाखत वापरणारा घेतो, शिकवतो तोच, त्याचे तास ठरवतो तोच, आणि जमलं नाही तर नको म्हणतो तोही तोच. संस्था मधली यंत्रणा असते : इच्छुकांची यादी, पोलिस पडताळणी, लेखी करार, पगार, बदली माणूस. एकाच भागातले, समजा कोथरूड-वारज्यातले तीन-चार वापरकर्ते एकत्र केले तर एका सहायकाला पूर्ण दिवसाचं काम मिळतं आणि प्रत्येकाला हवे तेवढेच तास घेता येतात. बहुतेकांना चोवीस तास नको असतात. सकाळचे दोन, रात्रीचा दीड, एवढं पुरतं.

प्रत्येक वापरकर्त्याने स्वतःचा सूचनांचा कागद करायचा. माझ्या ओळखीच्या एका ताईंच्या कागदावरच्या काही ओळी इथे देते : ‘पाणी आधी माझ्या मनगटावर टाकून बघू द्यायचं, कारण पायाला गरम कळत नाही. खुर्चीत बसवताना दोन्ही ब्रेक लावल्याचा आवाज ऐकू आला पाहिजे. काखेत धरून ओढायचं नाही, पट्टा वापरायचा. गादीची घडी मांडीखाली राहिली का ते हाताने चाचपायचं, नाहीतर संध्याकाळपर्यंत जखम होते. माझा फोन वाजला तर माझ्या कानाला लावायचा, स्वतः बोलायचं नाही. केस मी सांगेन तसे बांधायचे.’ हा कागद नव्या माणसाच्या हातात पहिल्या दिवशी जातो. लिहिताना वापरकर्त्यालाही कळतं की आपण आजवर किती गोष्टी न बोलता सोसत होतो.

सहायकांच्या बाजूने नियम तितकेच कडक हवेत. ठरलेल्या तारखेला पगार, आठवड्याची सुट्टी, जादा तासांचे जादा पैसे, घरातली धुणीभांडी करारात नसतील तर सांगायची नाहीत. स्वतः उपेक्षा सोसलेली माणसंही दुसऱ्याशी वाईट वागू शकतात. तक्रार ऐकायला कार्यकारिणीतली एक व्यक्ती दोन्ही बाजूंसाठी नेमा.

पगाराचा पैसा हा अवघड भाग. कायद्याच्या २४ व्या कलमात अधिक आधाराची गरज असलेल्यांसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे आणि ३८ व्या कलमाखाली अशा आधारासाठी अर्ज करता येतो. अर्ज करा, करायला लावा, प्रत्येक अर्जाची पोच जपून ठेवा. तोवर तासांचा काही भाग वापरकर्त्याने आणि काही संस्थेने द्यायचा, कमाईनुसार.

८. पैसे

वर्गणी घ्या, अगदी थोडी का होईना. वर्गणी भरलेला माणूस हिशेब विचारतो. नोंदणीनंतर आयकराची, १२ ए आणि ८० जी या नावांनी ओळखली जाणारी नोंदणी करा (पहिलीने संस्थेला, दुसरीने देणगीदाराला करसवलत मिळते; नव्या संस्थेला आधी तात्पुरती, तीन वर्षांसाठी मिळते), नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर नाव घाला, कंपन्यांचा सीएसआर निधी (सामाजिक कामासाठी ठेवलेला पैसा) हवा असेल तर सीएसआर-१ हा फॉर्म भरा. परदेशी देणगीचा विचार इतक्यात नको : एफसीआरए या परदेशी देणगीच्या कायद्याखालच्या नोंदणीसाठी संस्था तीन वर्षं जुनी लागते आणि त्या काळात मूळ कामावर १५ लाख रुपये खर्च झालेला लागतो.

हिंजवडी-खराडीच्या कंपन्या बहुधा वस्तू द्यायला तयार असतात. एका दिवसात शंभर व्हीलचेअर वाटायच्या, फोटो काढायचे. मोजमाप न घेता दिलेल्या खुर्चीने जखमा होतात, हे त्यांना समजावून सांगा आणि त्याच पैशात दोन पिअर काउन्सेलरचा वर्षाचा पगार मागा. काही कंपन्या ऐकतात. आणि हो, दिव्यांग कर्मचाऱ्यांना पगार द्या. ‘आपलंच काम आहे’ म्हणून फुकट राबवणं संस्थेच्या आतच सुरू झालं, तर बाहेर कुठल्या तोंडाने मागणार?

९. महापालिका आणि सरकार

राज्यातल्या स्थानिक संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवायचे असतात. पुणे महापालिकेत हे काम समाज विकास विभाग बघतो. पिंपरी-चिंचवडचा कारभार वेगळा आहे, तिथल्या सभासदांनी तिथेच जावं. किती तरतूद झाली, किती खर्च झाला, कशावर झाला, हे माहिती अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर विचारता येतं. अंदाजपत्रक मंजूर झाल्यावर आरडाओरडा करण्यापेक्षा ते तयार होत असताना, हिवाळ्यातच, लेखी मागणी द्या. मागणी नेमकी लिहा. ‘दिव्यांगांसाठी सोयी कराव्यात’ या अर्जाचं काही होत नाही. ‘अमुक चौक ते अमुक बसथांबा, या फूटपाथवरच्या खांबांतलं अंतर ६० सेंटिमीटर आहे, ते ९० करावं’, सोबत टेप धरलेला फोटो, असा अर्ज दिला तर अभियंत्याला उत्तर द्यावं लागतं.

दाद मागायला कायद्याखालचे राज्य आयुक्त आहेत. सुलभतेबद्दल सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सांगितलंय की काही किमान निकष सक्तीचेच असायला हवेत. अर्जात त्याचा उल्लेख करा. सत्कार, ३ डिसेंबरचे जागतिक दिव्यांग दिनाचे कार्यक्रम यांना जरूर जा, पण हार स्वीकारण्याच्या बदल्यात त्याच मंचावर दोन मिनिटं बोलायला मागा आणि बोलायला बौद्धिक दिव्यांगता असलेल्या किंवा बहिऱ्या सभासदाला पाठवा. सगळीकडे एकच फर्डा वक्ता पाठवला, तर संस्था त्याच्याच नावाने ओळखली जाते.

१०. पदं सोडणं आणि दुसऱ्याच्या हातात देणं

प्रत्येक पदाधिकाऱ्याच्या मागे एक जण शिकत असला पाहिजे. सचिवासोबत उपसचिव दर बैठकीचं इतिवृत्त लिहील, खजिनदारासोबत एक जण व्हाउचर लावेल. आपल्यापैकी कित्येकांची तब्येत अचानक बिघडते. जखम झाली की तीन महिने पालथं झोपावं लागतं. तेवढ्यासाठी संस्था बंद पडता कामा नये, आणि तेवढ्यासाठी ‘तुम्हाला झेपत नाही, आम्ही बघतो’ म्हणणाऱ्या भल्या माणसाच्या हाती ती जाताही कामा नये.

हिशेब तपासून लेखापरीक्षण अहवाल ३० सप्टेंबरपर्यंत धर्मादाय कार्यालयात द्यायचा. निवडणूक झाली, कुणी राजीनामा दिला, कार्यालयाचा पत्ता बदलला, की ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा. तो राहून गेला तर कार्यालयाच्या नोंदीत जुनीच कार्यकारिणी राहते आणि नव्यांच्या अधिकारावर कुणीही शंका घेऊ शकतं. निवडणुकीच्या सभेतच तीन ठराव एकापाठोपाठ करून घ्या : निवडून आलेल्यांची नावं, बँकेतल्या सह्यांचा बदल, आणि संस्थेच्या ईमेल-पोर्टलचे पासवर्ड कुणाकडे राहतील ते. बँकेतल्या सह्या बदलायला वेळ लागतो, म्हणून सहायकांचा पुढच्या महिन्याचा पगार जुन्या सह्यांनीच आधी काढून ठेवा.